पापणीतलं तेल आणि सातवी नस

शेगावात उन्हाळ्यात पारा 40च्या वर जातो, गरम वारा सुटतो आणि घरोघर तक्रार सुरू होते, डोळे चरचरतात. अश्रूंचं पाणी लवकर उडू नये म्हणून त्यावर तेलाचा पातळ थर असतो. आज मी त्या तेलाबद्दल आणि त्यामागच्या नसांबद्दल बोलणार आहे.

पापणीच्या कडेवर, केसांच्या मागे बारीक ठिपक्यांची रांग असते. ती मायबोमियन ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. 1666 मध्ये जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

आपल्या त्वचेतही तैलग्रंथी असतात, पण त्यांच्याभोवती नसा फारशा नसतात. इथे मात्र नसांचं जाळं आहे. संवेदना नेणारे तंतू मेंदूच्या पाचव्या नसेचे, सिम्पथेटिक तंतू मानेतल्या गाठीतून आलेले आणि पॅरासिम्पथेटिक तंतू सातव्या नसेतून, नाकामागच्या एका गाठीमार्गे आलेले. तेल किती बनावं, यात हार्मोन्सचा हात मोठा. नसांचा वाटा नेमका किती, यावर संशोधन चालू आहे.

पण बनलेलं तेल बाहेर कसं येतं? पापणी मिटते तेव्हा स्नायू ग्रंथींना दाबतो. त्या स्नायूला हुकूम देते, तीही सातवी नसच!

म्हणून तोंडाचा लकवा मला महत्त्वाचा वाटतो. सातवी नस बंद पडली की तोंड वाकडं होतं, आणि लोकांचं लक्ष तोंडाकडेच राहतं. इकडे डोळा नीट मिटत नाही, तेल दाबलं जात नाही, पसरत नाही. बुबुळ कोरडं पडून जखम होऊ शकते. ‘वारं लागलं’ म्हणून मालीश करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एक तर तो मेंदूचा झटका असू शकतो. दुसरं, नसेच्या सुजेवरचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. डोळ्यासाठी थेंब, रात्रीचं मलम आणि पापणी बंद कशी ठेवायची, हेही तिथेच विचारून घ्या.

आणि ज्यांची नस ठणठणीत आहे त्यांनी? मोबाइल बघताना आपण पापणी अर्धीच मिटतो. मधूनमधून ती पूर्ण मिटा. थंडीत खोबरेल तेल गोठतं तसं हे तेलही घट्ट होतं, तेव्हा सोसवेल इतक्या कोमट फडक्याने पाच-दहा मिनिटं शेक घ्या.

प्रश्न असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.