उंची वेळेत मोजू या
(धनज येथील माता-पालक मेळाव्यात रुग्णालयाच्या वतीने केलेले भाषण)



आमच्या नोंदवहीत ताप, हगवण, सर्पदंश यांचे रुग्ण आहेत. ‘मुलाची उंची वाढत नाही’ म्हणून कोणी केसपेपर काढल्याचे मात्र आम्हांस स्मरत नाही. बाप ठेंगणा म्हणून लेकरूही ठेंगणे, असे म्हणून घर निश्चिंत राहते. जो विकार दवाखान्याची पायरी चढत नाही, त्याच्यासाठी दवाखान्यानेच गावात यावयास हवे.

वयाच्या मानाने उंची खुंटणे ही दीर्घकाळच्या कुपोषणाची खूण होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अशी बालके २००५-०६ मध्ये शेकडा ४६ होती. २०१५-१६ मध्ये ती ३४ झाली, पण २०१९-२१ मध्ये पुन्हा ३५ आढळली. वजनातील तूट पुढे भरून काढता येते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत गमावलेली उंची, आणि तिच्यासोबत खुंटलेली बौद्धिक वाढ, बहुधा पुरती भरून निघत नाही.

यावरील उपाय घरातच आहेत. बाळास पहिला चीक पाजावा. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचा आहार हवा : डाळीचे वरवरचे पाणी नव्हे, तर घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, चमचाभर तेल आणि घरात चालत असल्यास अंडे. सोयाबीनच्या सोंगणीत आई शेतात असते. तेव्हा आजीने, वडिलांनी भरवावे. हात साबणाने धुवावेत, कारण वारंवारची हगवण खाल्लेले अंगी लागू देत नाही. मुलीचे लग्न अठराच्या आत करू नये.

जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. डॉक्टरांचे जे पटत नव्हते, ते शेजारणीचे पटले. धनजमध्येही हे काम सेविका व आशा भगिनींच्याच हातून होणार आहे.

विश्वस्त मंडळास एक निवेदन. टळलेल्या खुजेपणाची पावती फाडता येत नाही. हा खर्च ताळेबंदात जमेच्या बाजूस कधीच दिसणार नाही. तरीही तो दरवर्षी मंजूर व्हावा.

आणि मातांनो, दोन वर्षांखालील बाळाची लांबी अंगणवाडीत झोपवून मोजून घ्या, कार्डावर लिहून घ्या. वजन विचारता, तशी उंचीही विचारा.