पलाशिका ऊर्फ हलशी

बेळगांवहून खानापूर आणि पुढें नंदगड असा रस्ता धरला, म्हणजे भातशेतीच्या मुलखांत हलशी हें लहानसें गांव लागतें. गांवांत मराठी बोलतात, कचेरीची पाटी कानडींत असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हा मुलूख मुंबई राज्यांतून म्हैसुरांत गेला. १९६७ सालचा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्रानें मानला नाहीं, आणि २००४ सालीं दावा सर्वोच्च न्यायालयांत गेला. वृत्तपत्रांतून एवढें सर्वांच्या परिचयाचें झालें आहे. परंतु ज्या मातीसाठीं हा तंटा, तिच्या पोटांत काय निघालें, हें फार थोड्यांना ठाऊक असेल.

गांवाबाहेर नंदगडच्या वाटेवर चक्रतीर्थ नांवाची लहान विहीर आहे. तिच्याजवळच्या मातीच्या ढिगांत गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत ताम्रपट सांपडले. फ्लीट यांनीं ते ‘इंडियन अँटिक्वरी’ त प्रसिद्ध केले. पट आहेत बनवासीच्या कदंबांचे. कर्नाटक ज्यांना आपलें आद्य राजघराणें मानतो, तेच हे कदंब. हलशी, म्हणजे त्यांची पलाशिका, ही त्यांची दुसरी राजधानी. पटांची लिपी दक्षिणेकडील, भाषा संस्कृत. तेव्हां भाषेच्या वादांत साक्षीला बोलाविलें, तर हे साक्षीदार दोन्ही वकिलांची थोडी पंचाईतच करतील!

मजकूर मात्र मोठा हृद्य आहे. काकुस्थवर्मा युवराज असतां श्रुतकीर्ति नांवाच्या सेनापतीनें त्याचा जीव वांचविला. त्याबद्दल त्याला शेत दिलें. मृगेशवर्म्यानें आपल्या मृत पित्याच्या स्मरणार्थ येथें जिनालय बांधलें, आणि ३३ निवर्तनें जमीन यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक अशा तीन निरनिराळ्या जैन पंथांना मिळून दिली. हद्द सांगितली ती नदीपासून संगमापर्यंत. रविवर्म्याची आज्ञा तर याहूनहि लोभस. दरवर्षीं कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास आठ दिवस जिनाचा उत्सव व्हावा, पावसाळ्याचे चार महिने यापनीय तपस्व्यांना अन्न मिळावें, आणि खर्च एका गांवाच्या उत्पन्नांतून चालावा! ज्यानें खानापूरचा पाऊस पाहिला आहे, त्याला या चार महिन्यांचें मोल निराळें सांगावयास नको.

पुढें बाराव्या शतकांत हलशी गोव्याच्या कदंबांकडे आली. शिवचित्त पेर्माडी आणि विष्णुचित्त विजयादित्य यांच्या काळचें भूवराह-नरसिंहाचें देऊळ आजहि उभें आहे. लेखांत काल दिला आहे तो शकाचा नव्हे, कलियुगाचा : वर्ष ४२७०, म्हणजे इ. स. ११६९. देवळाचे दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकांत नरसिंह, दुसऱ्यांत पृथ्वीला उचलून धरणारा वराह. मधल्या मंडपांत उभें राहिलें, कीं एका देवाचें दर्शन घेतांना दुसऱ्याकडे पाठ होते.