कान तपासताना ताठ बसा

एस. टी. घाट चढू लागली की कानांना दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात, हा आपणां सर्वांचाच अनुभव. असं का होतं? कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. तिथून एक नळी नाकामागे घशात उतरते. मोठ्या माणसात ती सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब असते. एरवी ती मिटलेली. गिळताना वा जांभई देताना क्षणभर उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो.

मध्यकर्णाची स्थिती पाहण्याच्या तपासणीला टिम्पॅनोमेट्री म्हणतात. कानात मऊ रबरी बूच बसवून हवेचा दाब कमीजास्त करतात, एक सूर सोडतात आणि पडदा कितपत हलतो याचा आलेख यंत्र काढते. दुखत नाही, वेळही फार लागत नाही.

आता गंमत पाहा. आपण आडवे झालो की डोक्याकडच्या शिरांत रक्त अधिक साठते. नळीचे अस्तर किंचित फुगते, नळी आवळली जाते आणि मध्यकर्णातला दाबही थोडा बदलतो. कान तोच, पण बसून काढलेला आलेख निजून काढलेल्या आलेखाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. बहुतेकांत हा फरक लहान असतो. परंतु काहींची नळी मिटतच नाही. स्वतःचाच आवाज, श्वाससुद्धा कानात घुमतो. आडवे होताच त्यांना बरं वाटतं. अशांना निजवून तपासले, तर दोष निसटून जायचा!

तान्ह्या मुलांची नळी आखूड आणि बरीच आडवी असते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उताणे निजवून बाटलीने दूध पाजलेल्या बाळांचे आलेख, डोके उंच धरून पाजलेल्यांपेक्षा अधिक वेळा बिघडलेले आढळले. मातांनी हे ध्यानात ठेवावे.

गुरुजनांना एक विनंती. हाक मारूनही ओ न देणारे मूल दुर्लक्षीच असते असे नाही. पडद्यामागे पाणी साचल्यानेही कमी ऐकू येते. रागावण्यापूर्वी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा. तपासताना मुलाने ताठ बसावे, रडू-बोलू नये. लहानग्याला आईने मांडीवर धरावे. आणि पुढच्या खेपेलाही तसेच बसवावे, म्हणजे दोन आलेखांची तुलना खरी ठरेल.