पुण्यातले एक व्याख्यान आणि आळंदची माणसे



साहित्याच्या व्यासपीठावर राज्यकारभाराची चर्चा कशाला, असे काहींनी मला आधीच विचारले. त्यांना उत्तर म्हणून एका व्याख्यानाचीच गोष्ट सांगतो.

रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. याच संस्थेने आपल्या शेजारच्या सोलापूर शहराची पाहणी करून ती १९६५ साली पुस्तकरूपाने काढली. संस्थेच्या वार्षिक समारंभात काळे स्मृती व्याख्यान होई, आणि ते छापले जाई. छापले म्हणून ते आज आपल्या हाती लागते.

२९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये हे व्याख्यान डॉ. आंबेडकरांनी दिले. विषय होता १९३५ च्या कायद्यातले संघराज्य. वकिलाने खटला मांडावा तसे ते आहे. विशेषणे थोडी, कलमे फार. त्या कायद्यानुसार केंद्राच्या कनिष्ठ सभागृहात ब्रिटिश हिंदुस्थानला २५० जागा आणि संस्थानांना १२५. संस्थानांच्या जागांवर निवडून कोणी यायचे नव्हते, संस्थानिकांनी नेमलेली माणसे बसायची होती. त्यांतल्या १६ जागा एकट्या हैदराबादच्या. संस्थानातल्या माणसाला या संघराज्यात समान नागरिकत्वही नाही, हे बाबासाहेबांनी बजावून सांगितले. एका बाजूला मतदार, दुसऱ्या बाजूला रयत, आणि दोघांना एका छताखाली आणून त्याला स्वातंत्र्य म्हणायचे, हे त्यांना मान्य नव्हते.

ती रयत म्हणजे आपलेच आजे-पणजे. आळंद तेव्हा निजामाच्या मुलखात. त्याच दिवसांत आर्य समाजाच्या सत्याग्रहींच्या तुकड्या या मुलखात शिरून तुरुंगात जात होत्या. पुण्यातले व्याख्यान इंग्रजीत, इथली कचेरी उर्दूत. ज्यांच्याविषयी एवढा युक्तिवाद चालला होता, त्यांच्या कानावर तो पोचावा कसा?

पुढे महायुद्ध सुरू झाले आणि ती योजना बारगळली. १९४८ साली संस्थान गेले, १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात आलो. त्या वेळी काय व्हायला हवे होते, यावर आपल्या घरांत अजून वाद रंगतात. आज मी त्यात शिरत नाही.

मला सांगायचे आहे ते वेगळेच. २०१२ च्या ९८व्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) हे कलम आले. त्यामुळे या भागात जन्मलेल्यांना किंवा इथल्या रहिवाशांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा मिळतात. हा भाग कोणता? बळ्ळारी सोडली तर बहुतेक जुना निजामी मुलूखच. ज्या हद्दीने आजोबांना मत नाकारले, तीच हद्द आज नातीला मेडिकलची जागा मिळवून देते! माझ्या दवाखान्यात तापाचे औषध घेता घेता आईबाप त्या दाखल्याविषयी विचारतात. अर्ज कुठे करायचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. हा हक्क आला कुठून, हे क्वचितच कोणी विचारतो. होमिओपॅथीत पूर्वेतिहास विचारल्याशिवाय औषध देत नाहीत, त्यामुळे मला ते खटकते.

आपल्या मंडळात कादंबऱ्यांवर उत्तम चर्चा होतात. पण आपल्या तालुक्याबद्दल सरकार जे लिहिते ते कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, आणि ते आपण इथे उघडतच नाही. मागासलेपणावरचा नंजुंडप्पा समितीचा अहवाल २००२ चा. त्यावर या सभागृहात एकही संध्याकाळ गेलेली नाही. कन्नडची अडचण म्हणाल, तर आपली मुले कन्नड आपल्याहून बरे वाचतात. त्यांना वाचायला बसवावे, आपण अर्थावर भांडावे.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. येत्या वर्षी एक बैठक १९३९ च्या त्या पुस्तिकेवर ठेवावी, आणि लगेच दुसरी ३७१ (जे) वर. दुसऱ्या बैठकीला गावातल्या कन्नड आणि उर्दू वाचकांनाही बोलवावे. तो दाखला त्यांच्याही मुलांना लागतो. चहाचा खर्च माझ्याकडे.