गिअरबॉक्सचं तेल बदलताना

ऑटोमॅटिक पिकअपचं गिअरबॉक्स तेल घरी बदलता येतं…
पण जेवढं निघेल, तेवढंच भरायचं.

गाडी सपाट जागेवर लावा.
चाकांना दगड लावा.
नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका… कधीच नाही.

आधी तेल भरायचा बोल्ट सैल करून पाहा.
तो अडकला, तर तेल काढायचा खालचा बोल्ट उघडूच नका.
नाहीतर गाडी तेलाविना उभी राहील.

निघालेलं तेल पांढऱ्या फडक्यावर टिपा.
जळका वास आला… धातूचे कण दिसले…
तर मेकॅनिकला दाखवा.

बरंचसं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं.
म्हणून पुन्हा सांगते…
निघालेलं मोजा, तेवढंच भरा.
तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच हवं.
शेवटी पातळी तपासा, तीही पुस्तिकेप्रमाणेच.

आणि जुनं तेल गटारात ओतू नका.
डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.