मोफत सॉफ्टवेअर : किंमत शून्य, खर्च कोणाचा?

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



घरगुती संगणकावर लागणारी बहुतेक सॉफ्टवेअर आज एक रुपयाही न मोजता महाजालावरून उतरवून घेता येतात. लेखन, हिशेबाचे तक्ते, छायाचित्रांची दुरुस्ती, चित्रफिती, विषाणूंपासून संरक्षण, सारे काही मोफत! मात्र कोणत्याही वस्तूच्या निर्मितीला साधनसामग्री लागते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात आपण शिकतो. मग या वस्तूची किंमत शून्य कशी?

सॉफ्टवेअरची पहिली प्रत तयार करण्यास मोठा खर्च येतो. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीचा सीमान्त खर्च मात्र शून्याच्या जवळ असतो. शिवाय एकाने ते वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही. सार्वजनिक वस्तूचा हा एक प्रमुख गुणधर्म होय. म्हणून शून्य किंमत अशक्य नाही; परंतु पहिल्या प्रतीचा आणि नंतरच्या देखभालीचा खर्च कोणीतरी भरतोच. तो कोण भरतो, याचा शोध घेणे हेच मोफत सॉफ्टवेअरचे खरे परीक्षण.

मोफतचे तीन प्रकार

पहिला प्रकार शेअरवेअरचा. काही दिवस वापरून पाहा, मग पैसे भरा, असा हा व्यवहार असतो. येथे खर्च पुढे ढकललेला असतो, लपवलेला नसतो.

दुसरा प्रकार फ्रीवेअरचा. वापर विनामूल्य, परंतु मूळ संहिता कंपनीच्या ताब्यात. येथे खर्च बहुधा जाहिरातदार, सशुल्क आवृत्तीचे ग्राहक किंवा माहितीचे खरेदीदार भरतात. अव्हास्ट या कंपनीचे मोफत विषाणूरोधक सॉफ्टवेअर कोट्यवधी घरांत वापरले जात होते. वापरकर्ते कोणती संकेतस्थळे पाहतात, याची माहिती तिने आपल्या एका उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाले. ती उपकंपनी २०२० मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी कंपनीस १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. संरक्षणासाठी घेतलेले साधनच पाळत ठेवू लागले, तर शून्य किंमत महागात पडते.

तिसरा प्रकार मुक्त सॉफ्टवेअरचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून ही चळवळ उभी राहिली. कोणत्याही हेतूने वापरणे, अभ्यासून बदल करणे, प्रती वाटणे आणि सुधारित आवृत्ती वाटणे ही चार स्वातंत्र्ये तिच्या मुळाशी आहेत. येथे ‘मुक्त’ हा शब्द हक्कासंबंधी आहे, किमतीसंबंधी नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने २००० मध्ये ओपनऑफिसची संहिता खुली केली. २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलकडे गेली, तेव्हा कार्यकर्त्यांनी त्याच संहितेवरून लिब्रेऑफिस उभे केले. मालक बदलला तरी वापरकर्ता निराधार झाला नाही. फ्रीवेअरच्या बाबतीत अशी हमी देता येत नाही.

परीक्षणाच्या कसोट्या

घरगुती वापरकर्त्याने पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१) परवाना कोणता? घरगुती वापरास मोफत असलेले सॉफ्टवेअर दुकानात किंवा कार्यालयात मोफत असेलच असे नाही.

२) ते कोठून घेतले? २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरील ‘गिम्प’ या चित्रसंपादकाच्या प्रतीला जाहिरातींची जोड दिल्याने वाद झाला होता. म्हणून निर्मात्याचे अधिकृत संकेतस्थळच गाठावे.

३) सुधारित आवृत्त्या नियमित येतात काय?

४) आपले काम खुल्या प्रमाणात जतन होते काय? ओपन डॉक्युमेंट या स्वरूपास २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. असे स्वरूप नसेल, तर सॉफ्टवेअर बदलण्याचा खर्च वाढतो आणि ग्राहक अडकून पडतो.

५) युनिकोड मराठी नीट चालते काय?

चोरीच्या प्रतीचा मोह

अनेक घरांत चौथाच मार्ग दिसतो, तो म्हणजे अनधिकृत प्रतीचा. कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये संगणक आज्ञावलीला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे आणि अनधिकृत प्रतीचा जाणूनबुजून वापर हा गुन्हा आहे. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी अशा प्रतींसोबत घातक आज्ञावली येण्याचा धोका असतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांचे जुने संगणक पुढील आवृत्तीस अपात्र आहेत, अशा कुटुंबांसमोर नवा संगणक की असुरक्षित संगणक, असा पेच आहे. लिनक्सवर आधारित प्रणाली त्यातून तिसरी वाट काढून देते. मर्यादित उत्पन्नाच्या घरातील विद्यार्थ्याला तिचे मोल विशेष आहे.

शासनाची भूमिका

सार्वजनिक वस्तूसंबंधी शासनाची जबाबदारी असते. २००५ मध्ये केंद्र शासनाने तमिळ व हिंदी भाषांतील सॉफ्टवेअर साधनांच्या सीडी विनामूल्य उपलब्ध केल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली विकसित केली. केरळच्या शासकीय शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे आहे. २०१५ मध्ये केंद्राने शासकीय कामकाजासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले.

तथापि, फुकट लाभ घेणाऱ्यांची समस्या येथेही आहे. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष आढळला. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती, त्याची देखभाल मोजक्या माणसांच्या खांद्यावर होती. सर्वांनी वापरले, पण पोसले थोड्यांनीच. त्या घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला.

आपणही हातभार लावू शकतो. देणगी शक्य नसेल, तर दोष कळवावा, मराठी भाषांतर करावे, मदतपुस्तिका लिहावी. व्हीएलसी हा लोकप्रिय चित्रफीत-वादक १९९६ मध्ये फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातूनच आकारास आला. उतरवून घेणाऱ्यांच्या रांगेतून घडवणाऱ्यांच्या रांगेत जाण्यास येथे परवानगी लागत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे आर्थिक सामर्थ्य त्यातच आहे.