पानिपतानंतर

पानिपत हे एका गावाचे नाव. पण मराठीत ते सर्वनाशाचेच नाव होऊन बसले आहे. एखाद्याचा संसार उधळला की आपण सहज म्हणून जातो, ‘त्याचे पानिपत झाले.’ ज्या घरात दारू शिरली, त्या घराविषयी तर हे उद्गार फार वेळा कानी पडतात.

प्रत्यक्षातले पानिपत आज चादरी-घोंगड्यांच्या मागांनी गजबजलेले शहर आहे. ते ज्या हरियाणात आहे, त्या राज्याने १ जुलै १९९६ रोजी दारूबंदी केली. शेजारच्या राज्यांतून चोरटी दारू येतच राहिली, आणि १ एप्रिल १९९८ रोजी ती बंदी उठली. कायद्याने दुकान बंद होते. तहान बंद होत नाही. तिच्याशी झगडणाऱ्या माणसाला सावरण्याचे काम अखेर घराकडेच येते.

ते कसे करावे? १७६१ सालच्या त्या रणातून माघारी येताना महादजी शिंद्यांच्या पायावर घाव बसला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे नेले. लढाईतल्या चुका काढीत तो बसला असता, तर महादजी वाचते ना. मात्र घाव त्याला स्वतःच्या अंगावर घेता आला नाही. महादजींचा पाय जन्मभर अधूच राहिला.

आप्ताचे कर्तव्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही या प्रसंगात आहेत. मद्यासक्ती हा आजार आहे, हे वैद्यकाने मान्य केले आहे. म्हणून नशेत असलेल्या माणसाशी वाद घालू नये. तो शुद्धीवर असताना, शांतपणे आणि मोजके बोलावे. पण त्याच्या वतीने कचेरीत खोटे सांगणे, त्याची उधारी गुपचूप फेडणे, ही माया नव्हे. त्याने व्यसनाचे आयुष्य वाढते. आणि घरात हात उगारला जात असेल, तर मुलांसह सुरक्षित जागी जाणे हा विश्वासघात नव्हे.

दोन धोके विशेष ध्यानात ठेवावेत. रोज पुष्कळ पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात. प्रसंगी ते जिवावर बेततात. म्हणून सोडणे वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे. तसेच जेवणातून नकळत औषध घालण्याचा मोह टाळावा. त्यावर दारू पोटात गेली तर प्राणसंकट ओढवू शकते. आणि उघडकीस आले, की उरलासुरला विश्वासही जातो.

दिल्लीजवळ गाझियाबादला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे व्यसनोपचार केंद्र आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथे रुग्णांच्या पत्नींनाही एकत्र बसून मन मोकळे करता येऊ लागले. अमेरिकेत तर आप्तांची अशी स्वतंत्र संघटना १९५१ सालीच निघाली होती. सेवा करणाऱ्यालाही आधार लागतो, हे मान्य करण्यात कमीपणा कसला?

सुटलेली दारू पुन्हा सुरू झाली, की घर खचते. त्या वेळी आठवावे, की पानिपतानंतर दहाच वर्षांनी, १७७१ साली, तेच लंगडणारे महादजी दिल्लीत पोहोचले होते. पानिपत हा मराठ्यांच्या इतिहासाचा शेवट नव्हता. तुमच्या घराच्या इतिहासाचाही तो शेवट असण्याचे कारण नाही.